खुंटीवरचा बिल्ला

काकांच्या ओसरीवर तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ होती. दारापासून दोन हातांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रेघेच्या अलीकडे बाहेरच्या चपला, पलीकडे घरातल्या. दूधवाला, पेपरवाला, वर्गणी मागणारे, सगळ्यांनी अलीकडेच उभं राहायचं. आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याचा पाय चुकून पलीकडे पडला, तर काका एकदम ओरडले, "थांबा! पाय मांगं घ्या!" तो असा दचकला की हातातलं हेल्मेट खाली गडगडलं.

काका ओशाळले. म्हणाले, "मनावर नका घेऊ साहेब. ॲटॉमिकमधी होतो. तिथं रेघ म्हंजे रेघ."

मी मूळची अकोल्याची. अमरावतीत ज्युनिअर कॉलेजवर नोकरी लागली म्हणून नवरा आणि लहानगी मुलगी घेऊन इथे आले. वर आम्ही, खाली काका-काकू. त्यांची मुलगी लग्न होऊन नागपूरला. काका भातकुलीकडच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायचे. काका आयटीआय करून दूरच्या एका अणुवीज केंद्रात फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. त्यांच्या वस्तीत त्याचा केवढा अभिमान! विहारात काही कार्यक्रम असला की लोक त्यांच्यासाठी पुढची खुर्ची रिकामी ठेवत. काका मागे, दाराजवळच्या खांबाआड उभे राहत आणि वंदना संपली की कोणाला न भेटता निघून येत.

"वेळ कमी, अंतर जास्त, मधात भिंत," असं ते म्हणत. रेडिएशनच्या कामात माणसाला वाचवणाऱ्या याच तीन गोष्टी. धोक्याजवळ थोडाच वेळ थांबायचं, होईल तितकं लांब राहायचं, आणि मध्ये काहीतरी जाड आडोसा ठेवायचा. काकांनी हे नियम सगळ्या जगाला लावले होते. लग्नाला गेले तर अक्षता... म्हणजे फुलं टाकून लगेच परत. नातेवाईक आले की ते गच्चीवर. शेजारच्यांचं भांडण सुरू झालं की खिडकी बंद. काकू वैतागून म्हणायच्या, "मायाशी लगन केलं तवा कुठं गेल्ता तुमचा नियम?" काका गंभीरपणे सांगत, "तवा मी ट्रेनिंग घेतली नव्हती."

बाहेरून आले की ते चौकटीत उभे राहायचे, दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना टेकवून, क्षणभर. केंद्रातून बाहेर पडताना एका यंत्रात असं उभं राहावं लागे. अंगाला, हातापायाला काही लागलेलं नाही अशी खात्री झाली की यंत्र सोडायचं. इथे यंत्र नव्हतं. काका आपले उभे राहायचे, मग कोपरापर्यंत हात धुवायचे. साबण लावून, ब्रश न लावता. ब्रशने कातडी सोलली तर घाण आत जाते, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं.

हे सगळं मजेचं वाटत होतं, माझी मुलगी जिन्यावरून पडली तोवर.

काका खालीच होते. ती शेवटच्या चार पायऱ्या गडगडत आली आणि त्यांच्या पायाशी पडली. कपाळ फुटलं. मी वरून धावत येईपर्यंत काका तिच्यावर वाकून उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, आणि ते हात तिच्यापासून वीतभर अंतरावर तसेच थांबलेले. ते हाका मारत होते, "अवो, ये न वो लवकर! पोट्टी पडली!" काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी तिला उचललं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात खाली आले नाहीत.

नवरा फार चिडला. दुसरी खोली बघू म्हणाला. संध्याकाळी काका जिना चढून आले, आमच्या दाराच्या दोन पायऱ्या खाली थांबले.

"मॅडम, मले उचलता आली नाही."

"काका, तुम्हाला काही आजार आहे का? स्पष्ट सांगा."

"नाही. आन् असा काही आजार लागतबी नसते. अंगातून दुसऱ्याच्या अंगात जात नाही थे. मी सोता लोकायले शिकवलं हाये." ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. "मले सगळं मालूम हाये. पन हात पुढं होत नाही."

ते गेल्यावर थोड्या वेळाने काकू आल्या. मुलीच्या डोक्याला हळद लावून बसल्या. म्हणाल्या, "याच्या बापाले गावात लोक दुरून पानी वाढत. वरून वंजळीत. हा शिकला, साहेब झाला, कोनाची हिंमत नाही याले दूर बस म्हनाची. आन् आता हा सोताच दुरून रायते. मले लाज वाटते बाई. कोनाले सांगू?"

आम्ही खोली सोडली नाही.

मी सुट्टीत अकोल्याला निघाले की काका एक पिशवी देत. कधी संत्री, कधी तुरीची डाळ, एकदा स्वेटर. अकोट फैलातल्या एका घरी द्यायची. तिथे त्यांची धाकटी बहीण राहते, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडलं ते काकांसारखंच नाक असलेल्या, हातात शिवणाची कात्री घेतलेल्या बाईंनी. पिशवीतली संत्री बघून त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. आणि निघताना पिशवी परत माझ्या हातात दिली.

"त्याले सांगजो, संत्र्यायचं काय, कोनीबी आनून देते. मानसानं यावं."

"ताई, ते का येत नाहीत?"

"लाजते."

मग त्यांनी सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्यांच्या नवऱ्याला काम नव्हतं. भाऊ मोठ्या जागी, म्हणून ताईंनीच मागे लागून त्याला सांगितलं, जवायाला लावून दे. कायम नोकरी भावाच्या हातात नव्हती. पण केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा कंत्राटदार बाहेरून माणसं आणतो. त्या महिन्या-दोन महिन्यांच्या कामावर काकांनी त्याला लावलं. वस्तीतल्या आणखी काही जणांनाही नेलं. सगळे मजेत परत यायचे, नवे कपडे, सोबत घड्याळ-बिड्याळ. असे काही हंगाम गेले. बरीच वर्षं मध्ये गेली आणि ताईंच्या नवऱ्याला थकवा येऊ लागला. हिरड्यांतून रक्त. नागपूरला नेलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला.

"डॉक्टरले मी इचारलं, त्या कामानं झाला का? थे म्हने, होऊ शकते, नाहीबी. असं कोनाच्या कपाळावर लिवलेलं नसते. आपल्या इकडं खाऱ्या पान्यानं लोकायच्या किडन्या जाते, त्याचं कोन लिहून ठेवते?" त्या दारापर्यंत आल्या. "माया नवरा कायनं गेला थे मले मालूम नाही बाई. पन माया भाऊ त्याच्या मौतीले आला नाही, थे मालूम हाये. थे डॉक्टरले इचारा लागत नाही."

संत्री घेऊन मी परत आले. काकांना निरोप सांगितला. त्यांनी पिशवी घेतली, ओसरीवर ठेवली आणि गच्चीवर निघून गेले. संत्री आमच्या मुलीने खाल्ली. पुढच्या खेपेला काकांनी पुन्हा पिशवी भरली.

मग त्यांना डाव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, दाखवून घ्या. काकांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! इतकी वर्षं त्यांच्याच घरात वर राहून मी त्यांना असं उत्साहात पाहिलं नव्हतं. "मॅडम, रेडिएशननं मोतीबिंदू होते. खरंच होते. आमाले ट्रेनिंगमधी सांगतलं होतं." इस्त्रीचा शर्ट घालून, मला सोबत घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. परीक्षेचा निकाल बघायला निघाल्यासारखे.

डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्याने नीट तपासलं. काकांनी आपली सगळी नोकरी सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, रेडिएशनमुळे होऊ शकतो हे बरोबर आहे. पण तुमचा तसा वाटत नाही. तुमचा साधा, वयाचा दिसतो. ऑपरेशन करून टाकू, छान दिसेल."

"नीट पाह्यलं न तुमी?"

"नीट पाहिलं."

परतताना रिक्षा राजकमल चौकात गर्दीत अडकली तेव्हा काका म्हणाले, "साधा म्हने." थोड्या वेळाने पुन्हा, "माया साधा. आन् त्याचं रक्त." त्यांनी तोंड बाहेरच्या बाजूला केलं. मला तेव्हा कळलं, की ह्या माणसाला स्वतःच्या वाट्याला काहीतरी आलेलं हवं होतं. तेही मिळालं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी मी अकोल्याला गेले होते. ताईंना सांगितलं. त्या शिवणयंत्रावरून उठल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. सोबत मुलगा, आयटीआय झालेला, उंच, मान खाली घालून मोबाइल बघणारा. मी काकांसाठी वरण-भात घेऊन खाली गेले होते. ताई चपला न काढता रेघ ओलांडून सरळ आत आल्या आणि खाटेसमोर उभ्या राहिल्या. काका काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी ओळखलं. उठायला गेले.

"बस," ताई म्हणाल्या. "मी तुले पाह्यले नाही आली. कामानं आली." त्यांनी मुलाला पुढे केलं. "याले कंत्राटदाराचा फोन आला. ॲटॉमिकच्या शटडाउनचं काम हाये. बापाच्या वयखीवर बोलावून राहिले. हा म्हनते जातो. मले काही समजत नाही. समजते तुले. तू सांग, जाऊ देऊ का नको. लाजू नोको. खरं सांग."

मी उठून निघाले, तर काकूंनी माझा हात धरला आणि बसवून घेतलं.

काकांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते बहिणीकडे न बघता जमिनीकडे बघत बोलत होते.

तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती रेडिएशन पडलं ते त्या बिल्ल्यात जमा होतं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचलं की त्या माणसाला आत पाठवत नाहीत. कायमवाल्याला दुसरं काम देतात. कंत्राटी माणसाचं काम मात्र तिथेच संपतं, तो घरी जातो. म्हणून काही जण आत जाताना बिल्ला बाहेरच ठेवून जात. नियमात ते अजिबात बसत नाही. पकडला तर हाकलतात. पण शटडाउनची घाई असते, कंत्राटदार बघत नाही.

"कपडे बदलाच्या खोलीत खुंट्या हायेत," काका म्हणाले. "एक दिवस मी आत गेलो. जवाई आतमधी व्हॉल्व्हवर काम करून राह्यला होता. आन् त्याचा बिल्ला खुंटीवर होता. त्याच्या नावाचा. मी पाह्यला."

"मंग?" मुलाने विचारलं.

"मंग काई नाही. मी वापस आलो. काम उरकाचं होतं. वरून साहेब इचारून राह्यले होते, कवा संपते, कवा संपते. मी म्हनलं, दोन दिवसाचा प्रश्न हाये. त्याले कामबी पाह्यजे होतं." काकांचा आवाज फाटला. "त्याच्या कागदावर डोस कमी हाये. सगळा नियमात हाये. पन थो कागद खोटा हाये, आन् थे एकट्या मले मालूम हाये. मौतीले कोन्या तोंडानं येऊ? लोक म्हनत होते, साहेब आले, खुर्ची द्या."

मला वाटलं, ताई आता उठून चालत्या होतील.

त्या म्हणाल्या, "मले मालूम हाये."

काकांनी मान वर केली.

"त्यानंच सांगतलं होतं मले. बिल्ला ठेवला त अजून काम भेटते म्हने. मी काय म्हनली असन? ठेव म्हनली. पावसाळ्याआधी एवढा स्लॅब पडला पाह्यजे म्हनली." त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, सरळ बोलत होत्या, फक्त मान हळूहळू खाली जात होती. "मले वाटलं बिल्ला म्हंजे हजेरीसारखा असन. तू मौतीले येशीन, मंग तुले इचारीन, त्यानं असं काही होते का. तू आलाच नाही. मंग मीबी कोनाले इचारलं नाही."

"आपल्या घराचा स्लॅब?" मुलगा म्हणाला.

"हो."

त्या दुपारी मी त्या दोघांना एकमेकांसमोर बसलेलं पाहिलं आणि मला माझीच लाज वाटायला लागली, की मी इथे का आहे. दोघंही आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. पोराला मात्र ह्या सगळ्यात उत्तर मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "मंग मी जाऊ का नको?"

काका म्हणाले, "मी जलमभर तिथलंच खाल्लं. मायासारखे किती लोक रिटायर होऊन चांगले फिरून राह्यले. जाऊ नोको असं मी कोन्या तोंडानं म्हनू? जाय. पन बिल्ला अंगावरून काढाचा नाही. कोनी काढ म्हनलं, मंग थो कोनी असो, त मले फोन कर."

पोरगा गेला. वस्तीत सांगून गेला, मित्रांना पार्टी देऊन गेला, नवी बॅग घेऊन. बापाच्या जागेवर चाललो म्हणाला.

फोन आला तेव्हा काका ओसरीवर बसले होते आणि मी मुलीची वेणी घालत होते. फोन स्पीकरवर होता, त्यांना छोटी अक्षरं-बटणं अजून नीट दिसत नव्हती.

"मामा, हे लोक म्हनून राह्यले, आत पानी टपकते, बिल्ला खराब होते, इथंच ठेवून जा. सगळेच ठेवून राह्यले."

"निघ."

"मामा, पाच-सहा दिवसांचंच..."

"निघ म्हनलं न! खोलीवर जाऊन बस. मी येऊन राह्यलो."

डोळ्यात थेंब घालणं अजून चालू होतं, तरी काका त्याच संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडीत बसले. काकूंनी थेंबांची बाटली सोबत दिली. त्यांनी तिथे जाऊन काय केलं, ते नंतर आम्हाला पोराकडूनच कळलं. ते गेटवरच्या ऑफिसात गेले, आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं, आणि सुरक्षेच्या साहेबाला भेटायचंच म्हणून बसून राहिले. साहेब भेटल्यावर कंत्राटदाराचं सांगितलं. मग स्वतःचंही सांगितलं, खुंटीवरच्या त्या बिल्ल्याचं. साहेबाने ते लिहून घेतलं, म्हणे. चौकशी लावतो म्हणाला. कंत्राटदाराचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

पोराचं काय झालं ते कळलं. त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. एका कंत्राटदाराने दुसऱ्याला सांगितलं, हा तक्रार करणारा आहे. कोळशावरच्या थर्मल वीज केंद्रात दुरुस्तीच्या कामावरही घेतलं नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये तो आता मशीनवर आहे. वस्तीत पोरं विचारतात, काहून बे, लवकर आला? मामाने आपल्याला चारचौघांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, असं तो मला म्हणाला. ते खोटं नव्हतं.

या वर्षी बुद्धपौर्णिमेला मी माहेरी निघाले तेव्हा काकांनी पिशवी दिली नाही. स्वतःच कपडे करून खाली उभे होते. मला म्हणाले, "चाला मॅडम. मीबी येतो."

अकोट फैलात घरापाशी आल्यावर गल्लीतली दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली, त्यांनी नमस्कार केला आणि काकांनी अशी मान खाली घातली की जणू कोणी शिवी दिली. ताईंनी दार उघडलं. "आला का?" म्हणाल्या, आणि आत जाऊन ताटं वाढायला घेतली. खीर होती, पुऱ्या होत्या, वांग्याची भाजी होती. मलाही निघू दिलं नाही.

आम्ही बसलो. पोरगा मिलमधून आला, हातपाय धुतले. मामाला बघून त्याने काही न बोलता आपलं ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसला.

ताईंच्या हातातला पळा थांबला. "असंच करते," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना माझ्यासमोर फार वाईट वाटलं. "त्याले बोलावू का?"

काका दारातून त्या पाठीकडे बघत होते. पोरगा भुकेला असावा. मोठमोठे घास घेत होता, पुरी संपली की न बघता आत हात करायचा, आणि ताई नेऊन द्यायच्या.

"बसू दे तिकडं," काका म्हणाले. "जेवून तं राह्यला न."